मुंबईला गेल्यावर न्याहारी कुठे करायची?

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. ‘ब्रंच’ हा शब्द हल्ली आपल्या मुलींच्या तोंडी असतो. ब्रेकफास्ट आणि लंच यांची ती खिचडी. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी या खाण्याची बाजू मांडली होती. आपल्याकडे दहा वाजता खायची रीत त्याहून जुनी आहे, तिला आपण न्याहारी म्हणतो. फरक एवढाच, की त्यांची न्याहारी उशिरा उठणाऱ्यांची आणि आपली पहाटेपासून राबणाऱ्यांची.

आता मुद्द्याचं. आम्ही शहापूरकडच्या गटांतल्या बाया माल घ्यायला, प्रदर्शनाला किंवा एखाद्या कार्यालयात कागद द्यायला मुंबईला जातो. चारला उठायचं, घरच्यांचे डबे करायचे, आसनगावहून लोकल पकडायची. स्वतःच्या पोटात एक कप चहा. दादरला उतरेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, आणि मग ‘काम झाल्यावर खाऊ’ म्हणत दुपारचे तीन वाजतात. डोकं दुखतं, चक्कर येते. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईने तर असं उपाशी राहूच नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. तिच्या पिशवीत दोन केळी आणि थोडा गूळ हवाच.

दादर पश्चिमेला उतरलात तर स्टेशनजवळच मामा काणे यांचं उपाहारगृह आहे. शंभर वर्षांहून जुनं, बटाटेवड्यासाठी नावाजलेलं. दहा-पंधरा मिनिटं चालायची तयारी असेल तर शिवाजी पार्कच्या बाजूला या. सेना भवनासमोर ‘आस्वाद’ आहे. तिथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला एका खाद्यपुरस्कारात जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला. आमच्यातल्या एकीचं मत, थालीपीठ त्याहून सरस. खाऊन तुम्हीच ठरवा. जवळच ‘प्रकाश’ आहे, साबुदाणा वडा आणि पियुष यांसाठी. उपास असेल तर तिथेच जावं.

आमची आवडती जागा मात्र माटुंगा. मध्य रेल्वेचं हे स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात. देशातलं असं हे पहिलं स्टेशन. त्या बायकांना बघूनच निम्मा शीण जातो. पूर्वेला बाहेर पडलं की ‘राम आश्रय’. पहाटेपासून इडली, डोसा, उपमा. शिऱ्याचा प्रकार रोज बदलतो, फळ्यावर बघून सांगायचं. थोडं पुढे किंग्ज सर्कलला ‘कॅफे मद्रास’, १९४० पासूनचं. सोमवारी बंद असतं, ते ध्यानात ठेवा. आणि ज्यांना भातच लागतो त्यांनी स्टेशनलगतच्या रामा नायकांच्या बोर्डिंगमध्ये जावं. वर चढून जावं लागतं. केळीच्या पानावर वाढतात आणि पोटभर वाढतात.

सीएसएमटीकडे काम असेल तर मेट्रो सिनेमाजवळ ‘कयानी’ हे १९०४ सालचं इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का, चहा, मावा केक. अंडं-खिमा खाणाऱ्यांची तिथे चैन. मोठ्या हॉटेलांतल्या रविवारच्या ब्रंचबद्दल आम्ही बोलत नाही. तेवढ्या पैशांत एका गटाची महिन्याची बचत होते.

या सगळ्या ठिकाणी रविवारी नऊ ते अकरा चिक्कार गर्दी असते. दारातल्या माणसाकडे नाव आणि किती जणी ते सांगायचं. अनोळखी माणसांसोबत टेबल वाटून बसावं लागलं तर संकोच नको, तिथली ती पद्धतच आहे. चौघी असाल तर चार वेगळे पदार्थ मागवून वाटून खा. मिसळीवर लिंबू पिळा, कारण मोड आलेल्या कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. चहा-कॉफीने तेच अडतं, म्हणून चहा लगेच न घेता तासाभराने घ्या. आपल्यातल्या कितीजणींचं रक्त कमी आहे ते शिबिरातल्या तपासणीत कळतंच.

एक बोलायला अवघड, पण गरजेची गोष्ट. बाथरूम आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. जुन्या हॉटेलांत ते असेलच असं नाही. जायला लागेल म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, ही आपली सवय वाईट आहे. मुंबईतल्या बायकांनी ‘राईट टू पी’ नावाने यासाठी मोहीमच उभी केली. आपण निदान विचारायला तरी लाजू नये.

राहिला पैशांचा प्रश्न. आमच्या वह्यांत प्रवासखर्चाला रकाना होता, हमालीला होता, खाण्याला नव्हता. ‘बाहेरचं खाणं म्हणजे चैन,’ असं एक मावशी ठामपणे म्हणाल्या, आणि दोन बैठका यावरच गेल्या. शेवटी एकीने विचारलं, मालाच्या टेम्पोत डिझेल घालतो ती चैन का? याच मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दुसऱ्यांना जेवू घालण्याचं काम हे काम आहे, त्याचा हिशोब मांडता येतो, हे त्यांनी दाखवलं. मग आपल्या स्वतःच्या खाण्याचा हिशोब का मांडू नये?

आता ठराव झाला आहे. गटाच्या कामासाठी गेलेल्या प्रत्येकीची एक न्याहारी गटाच्या खर्चातून, बिल वहीत चिकटवायचं. ठरावावर त्या मावशींचीही सही आहे. फक्त त्यांनी एक अट घातली, पियुष मात्र ज्याच्या त्याच्या पैशांनी.