न पाहिलेल्या सिनेमांकडे जाणारी वाट

पाबळला मस्तानीची कबर आहे. त्यामुळे भन्साळींचा २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' न पाहिलेला माणूस शिरूर तालुक्यात शोधूनच काढावा लागेल. पेशवाईवरचाच आणखी एक चित्रपट आहे, मराठीतला 'घाशीराम कोतवाल'. तो पाहिलेला माणूस शोधायला मात्र याहून जास्त फिरावं लागेल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि बँकेचं कर्ज घेऊन १९७६ साली हा चित्रपट केला. दिग्दर्शन मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी मिळून केलं. पटकथा विजय तेंडुलकरांची, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे आणि घाशीराम झाले ओम पुरी, तेही पहिल्यांदाच पडद्यावर. एवढी नावं असूनही चित्रपट आपल्याकडे दिसेनासा झाला. त्याची प्रिंट सांभाळली ती बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेने. तिच्यावरून डिजिटल प्रत तयार झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात ती दाखवली गेली. पुण्यातल्या पोरांनी पुण्याच्या कोतवालावर काढलेला मराठी सिनेमा जर्मनीत तगला, याची मला आजही हळहळ वाटते.

असे चित्रपट अवघड असतात म्हणून लोकांपर्यंत पोचत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. ते कुणी आणून दाखवत नाही, एवढंच खरं कारण आहे.

आणून दाखवणारी माणसं आपल्याकडे होती. गावोगावच्या जत्रांत तंबू टॉकीज लागत. ट्रकवर प्रोजेक्टर, कनाती, भोंगे लादून मालक या जत्रेतून त्या जत्रेत जात आणि बायाबापड्या, पोरंटोरं जमिनीवर बसून सिनेमा बघत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच तंबूवाल्यांबरोबर पाच वर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कानच्या महोत्सवात माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा खास उल्लेख झाला. त्यातले प्रकाश नावाचे कारागीर जुने प्रोजेक्टर दुरुस्त करतात, त्यांनी स्वतःच्या डोक्याने नवा प्रोजेक्टरही बनवला आहे. रिळांचा जमाना संपून डिजिटल यंत्रं आली आहेत आणि हा माणूस आपलं यंत्र मायेने उलगडून दाखवतो, तो भाग जरूर पाहावा. ज्या जत्रांमध्ये हा सिनेमा घडला, तिथल्या किती लोकांनी तो पाहिला असेल?

दुसरे आणून दाखवणारे म्हणजे पी. के. नायर. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायरांनी आयुष्य त्याला वाहिलं. फाळक्यांची जी काही रिळं आज उरली आहेत, ती बरीचशी त्यांच्या चिकाटीमुळे. पण नुसतं जपून त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी संग्रहालयाच्या प्रिंट फिल्म सोसायट्यांना आणि खेड्यापाड्यांनाही पाठवल्या. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम'ने सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन' दाखवले. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या नायरांवरच्या माहितीपटात तिथले गावकरी त्या चित्रपटांविषयी बोलतात आणि ऐकताना मन भरून येतं. पुण्याच्या संग्रहालयाची पेटी हेग्गोडूला पोचत होती. पाबळ तर पुण्याच्याच जिल्ह्यात.

मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हेच काम करत आलं आहे, पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून. त्यांचे उपकार आहेतच. पण शहरातला रात्रीचा खेळ सुटल्यावर गावाकडच्या माणसाने परतायचं कसं?

आता गावात काय दाखवावं? मी सुरुवात सेनेगलपासून करीन. उस्मान सेंबेन हे नावाजलेले कादंबरीकार. आपल्या देशातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून चाळिशीच्या आसपास ते सिनेमाकडे वळले आणि आपले चित्रपट घेऊन गावोगाव फिरले. त्यांचा 'बोरोम सारेट' (१९६३) जेमतेम वीस मिनिटांचा. डाकार शहरातला एक गरीब गाडीवाला, त्याचा घोडा आणि त्याचा एक दिवस. कुणी फुकट बसतं, कुणी पैसे बुडवतं. शेवटी एक साहेबी गिऱ्हाईक त्याला बंगल्यांच्या वस्तीत घेऊन जातं. तिथे गाड्यांना मनाई. पोलीस गाडी जप्त करतो, गिऱ्हाईक निघून जातं आणि गाडीवाला घोड्याला हाताने धरून रिकामा घरी येतो. बाजारात माल घेऊन जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर इराणच्या अब्बास कियारोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्ज होम' (१९८७). शाळकरी अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत अभ्यास दिसला नाही, तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. पोरगं घरच्यांचा डोळा चुकवून नागमोडी पायवाटेने टेकडी ओलांडून शेजारच्या गावी पळत सुटतं. मोठी माणसं त्याचं ऐकूनच घेत नाहीत. आईला तो पुन्हा पुन्हा तेच सांगतो आणि ती पुन्हा पुन्हा अभ्यासाला बस म्हणते, हा प्रसंग तर घरोघरचाच. इटलीच्या एर्मान्नो ओल्मींच्या 'द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज'मध्ये (१९७८) बेर्गामोकडच्या खऱ्या शेतकऱ्यांनी आपल्याच बोलीत कामं केली आहेत. तीन तासांचा आहे, तेव्हा तो दोन रात्रींत दाखवावा. आपल्याकडचे 'विहीर', 'गाभ्रीचा पाऊस' हेही यादीत हवेतच.

भाषेची अडचण आहे, इंग्रजी उपशीर्षकं पोरांनाही भरभर वाचता येत नाहीत. त्यावर उपाय आपल्याच जुन्या सिनेमात आहे. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी माणूस उभा राहून गोष्ट सांगत असे. मराठीच्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावं.

यंत्रांची तर पाबळला नवलाई नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम उभारला आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. अशा गावाला एक प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत जड नाही. चित्रपट रीतसर परवानगी घेऊन मिळवावेत, फिल्म सोसायट्यांना त्याची वाट ठाऊक आहे, त्यांना पत्र लिहावं.

तेव्हा पाबळच्या, शेजारच्या केंदूरच्या शिक्षकांना आणि तरुण मंडळांना माझी विनंती आहे: या हिवाळ्यात महिन्यातून एक शनिवार ठरवा, शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाका आणि पहिल्या रात्री 'बोरोम सारेट' लावा.