माझी पोर कुठं आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामध्ये बेगडेवाडी हे लहानसं स्टेशन आहे. सकाळच्या गाडीनं इथून काही बाया पुण्याकडे कामाला जातात. त्यांतली एक माझ्या ओळखीची. ती एका श्रीमंत घरातलं तान्हं मूल सांभाळते. परक्या लेकराला ती लावत असलेल्या मायेवर मी एकदा कविता लिहिली आणि हौसेनं तिला वाचून दाखवली. ऐकून ती म्हणाली, "समदं झ्याक हाय, चाचा. पन यात माजी पोर कुटंय?"

तिची पोर तेव्हा शेजारणीकडे होती. माझ्या कवितेत ती नव्हतीच.

तेव्हापासून दाईची, आयाची गोष्ट हाती आली, की मी हाच प्रश्न मनात ठेवून वाचतो. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ घ्या. त्यांनी बाळ संभाजीराजांना दूध पाजलं. शिवाजी सावंतांच्या 'छावा'मुळे त्या मराठी वाचकांच्या घरच्याच झाल्या. पण आपल्याला आठवते ती राजांची दूधआई. तिची स्वतःची लेकरं सहसा आठवत नाहीत.

रवींद्रनाथ टागोरांनी मात्र १८९१ सालीच ही दुखरी जागा ओळखली होती. त्यांच्या कथेतला रायचरण हा मालकाचं मूल खेळवणारा गडी. त्याची नजर चुकते आणि मूल पद्मा नदीत नाहीसं होतं. पुढे तो स्वतःच्या मुलाला धन्याचं मूल समजून लाडात वाढवतो आणि 'मीच चोरलं होतं' असं सांगून मालकाच्या हवाली करतो. मुलगा राहतो, बापाला मात्र त्या घरात जागा नसते.

महाश्वेतादेवींची 'स्तनदायिनी' तर हिशेबच मांडते. जशोदा हालदारांच्या घरातल्या पोरांना दूध पाजून स्वतःचा संसार चालवते. शेवटी स्तनाच्या कर्करोगानं ती मरते, तेव्हा दूध प्यालेलं एकही लेकरू जवळ नसतं. फ्रान्समध्ये २०१६चा गोंकूर पुरस्कार मिळालेल्या लैला स्लिमानींच्या कादंबरीत सांभाळणारी बाईच मुलांचा जीव घेते. तिथंही तिची स्वतःची मुलगी परक्या घरांच्या कोपऱ्यांत वाढून एक दिवस निघून गेलेली असते.

म्हणजे बाई एक तर देवी, नाही तर डाकीण. असं का होतं? कारण बहुतेक लिहिणारे त्या घरांत वाढलेले, किंवा माझ्यासारखे बाहेरून बघणारे. त्यांना बाई दिसते ती कामावर असतानाच. तिचा पगार, तिची लोकल, तिच्या घरातलं मूल उंबऱ्याबाहेर राहतं.

हा उंबरा बेबी हालदार यांनी ओलांडला. गुडगावात घरकाम करत असताना त्यांचे मालक, प्रेमचंदांचे नातू प्रबोधकुमार यांनी त्यांच्या हाती वही-पेन दिलं. त्यांचं 'आलो आंधारि' हे आत्मकथन २००२ मध्ये हिंदीत आलं. ही कादंबरी नव्हे. पण यात कामवालीची मुलं पहिल्या ओळीत उभी आहेत.

माझी ती कविता मी छापायला दिली नाही. श्रोतेहो, आपल्या घरी बाळाला सांभाळायला बाई येत असेल, तर तिच्या मुलाचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? आणि ते आत्ता कुणाजवळ असेल?