पलीकडच्या टोकाचा पत्ता

संगणकांच्या जाळ्यातल्या लिंक दोन जातींच्या असतात. एका जातीत बरीच यंत्रे एकाच माध्यमावर नांदतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले किंवा बँकेच्या शाखेतले संगणक असे जोडलेले असतात. दुसरीत टोके दोनच, मधे तिसरे कोणी नाही. हिला पॉइंट-टू-पॉइंट लिंक म्हणतात. पऱ्ह्यावरचा साकव दोनच काठ जोडतो, तसा हा प्रकार. राउटिंगच्या सॉफ्टवेअरपुढे प्रश्न असतो तो यातल्या समोरच्या टोकाच्या, म्हणजे ‘पीअर’च्या पत्त्याचा: तो कुठून कळणार, कुठे नोंदवायचा आणि बदलला की काय करायचे.

कोकणासारख्या मुलखात या दुसऱ्या जातीची चलती आहे. देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. भोवतालची गावे वाडी-वाडीने उतारांवर विखुरलेली, मधे ओढे आणि नद्या. अशा भूभागात एक लांबलचक सामाईक जाळे पसरता येत नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकेक लिंक टाकतच पुढे जावे लागते. टेकडीवरच्या टॉवरवरून समोरच्या वाडीकडे रोखलेला रेडिओ असो की एक्स्चेंजपासून पुढच्या गावापर्यंतची फायबर, हिशेब दोन टोकांचाच. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या केंद्राच्या योजनेचा मूळ आराखडाही तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा होता.

घरगुती फायबरची गोष्ट थोडी फसवी आहे. तिथे एक्स्चेंजमधून निघालेला एकच काचतंतू स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, म्हणजे दिसायला ते सामाईक माध्यमच. पण बीएसएनएलसह अनेक कंपन्या त्यावर पीपीपीओई नावाची पद्धत चालवतात. मॉडेम आपले नाव आणि पासवर्ड सांगतो, पलीकडचे मोठे यंत्र ते तपासते आणि त्या घरापुरते स्वतंत्र ‘सेशन’ उघडते. तार सामाईक, व्यवहार मात्र दोघांतलाच.

या पद्धतीचे मूळ टेलिफोनच्या तारेत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा मॉडेम फोन लावून जोडला जाई. त्या तारेवर पॅकेट कसे पाठवायचे याचा नियम, म्हणजे पीपीपी, १९९४ मध्ये आरएफसी १६६१ या दस्तऐवजात पक्का झाला होता. १९९९ मध्ये तोच नियम इथरनेटवर चालवण्याची रीत आली, ती पीपीपीओई. सेशन उघडताना पत्ते ठरतात ते वाटाघाटीने. घरातले यंत्र ‘माझा पत्ता ०.०.०.०’ असे कळवते. पलीकडचे यंत्र ते नाकारते आणि त्याच उत्तरात ‘हा घे’ म्हणून खरा पत्ता देते. घरातले यंत्र तोच पत्ता घालून पुन्हा विनंती करते आणि या खेपेला ती मान्य होते. आपला स्वतःचा पत्ताही पलीकडचे यंत्र याच बोलण्यात सांगते. दोन्ही टोकांना एकमेकांचे पत्ते कळतात ते असे.

सामाईक जाळ्यात शेजारी कोण हे ठरवण्याचे काम मास्क करतो. १९२.१६८.१.५ हा पत्ता आणि /२४ हा मास्क दिला की १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते शेजारचे, असे यंत्र धरून चालते आणि हवा तो शेजारी हाक मारून शोधते. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर हाक मारायची गरजच नसते, कारण तारेत घातलेले पॅकेट जाऊन जाऊन जाणार कुठे? त्यामुळे दोन टोकांचे पत्ते एकाच गटातले असण्याचे बंधन राहत नाही. एका टोकाला १०.२०.३०.१ आणि दुसऱ्याला १७२.१६.९.७ असले तरी लिंक सुरळीत चालते. मास्कवरून शेजार ओळखण्याची सवय लागलेले सॉफ्टवेअर इथेच अडखळते.

लिनक्सच्या गाभ्यात एका पत्त्याच्या नोंदीसाठी दोन रकाने असतात. इंटरफेस म्हणजे लिंकचे यंत्रातले टोक; नेहमीच्या इंटरफेसवर दोन्हींत एकच पत्ता येतो, म्हणून कोणताही वाचला तरी चालते. पॉइंट-टू-पॉइंट इंटरफेसवर मात्र ज्या रकान्याचे नाव नुसतेच ‘पत्ता’ असे आहे, त्यात समोरच्याचा पत्ता असतो आणि आपला पत्ता ‘स्थानिक’ नावाच्या दुसऱ्या रकान्यात. रकान्यांची ही नावे पहिल्यांदा वाचणाऱ्याची दिशाभूल होणार हे उघड आहे, आणि खुद्द गाभ्याच्या कोडमध्ये त्याचा खुलासा करणारी टीप घालावी लागली आहे. कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला झेब्रा, त्यातून निघालेला क्वाग्गा, त्यानंतरचा एफआरआर, किंवा प्राग येथे घडलेला बर्ड, अशा प्रत्येक राउटिंग सॉफ्टवेअरला ही नोंद वाचून आपल्या घरची वही भरावी लागते.

वहीत काय भरायचे? आपला पत्ता ‘हा मी’ म्हणून, आणि पीअरचा पत्ता ‘थेट पोहोचता येण्याजोगा’ म्हणून. राउटिंग टेबलात लिंकची वाट पीअरच्या पत्त्याची घालायची, आपल्या पत्त्याची नव्हे. दोहोंची अदलाबदल झाली तर राउटर स्वतःच्याच पत्त्याकडे जाणारी वाट जगाला सांगत बसतो आणि समोरचे टोक तारेने जोडलेले असूनही सापडत नाही.

याहून बिकट प्रसंग येतो तो शेकडो घरांची सेशन सांभाळणाऱ्या मोठ्या यंत्रावर. या यंत्राचा आपला पत्ता सगळ्या सेशनवर एकच असतो, समजा १००.६४.०.१. समोर मात्र प्रत्येक घराचा वेगळा पत्ता. सॉफ्टवेअरने नोंदी केवळ आपल्या पत्त्याच्या आधारे ओळखल्या, तर एका घराचे सेशन पडताच ‘१००.६४.०.१ गेला’ असा अर्थ लावून बाकीच्या घरांच्या वाटाही पुसल्या जाण्याची भीती. म्हणून इंटरफेस, आपला पत्ता आणि पीअरचा पत्ता या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नोंद तीच मानायची, हा बिनचूक मार्ग. तिन्हींतली एक गाळली की गोंधळाला वाव राहतो.

पावसाळ्यात हे सगळे एकदमच कसाला लागते. आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी झाड तारेवर पडून देवरूखच्या एका भागातली वीज गेली, तर त्या भागातले मॉडेम एका क्षणात बंद होतात, पण पलीकडच्या यंत्राला ते लगेच समजत नाही. ते ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ असे विचारत असते आणि काही वेळा उत्तर आले नाही की मग सेशन मेले असे ठरवते. तेवढ्यात वीज परत आली तर तेच घर नव्या इंटरफेसवर हजर होते. कायमचा पत्ता घेतलेले गिऱ्हाईक असेल, तर जुन्या मेलेल्या आणि नव्या जिवंत अशा दोन इंटरफेसवर पीअरचा पत्ता एकच. थोड्या वेळाने जुना पुसला जातो तेव्हा नवी वाट टिकली पाहिजे. अनेक घरांच्या अशा नोंदींची आवकजावक बाहेरच्या राउटरांना कळवत बसणे शहाणपणाचे नसते. पत्त्यांचा अख्खा गट एकच वाट म्हणून कळवायचा आणि आतली धावपळ आत ठेवायची, अशी रीत आहे.

ओएसपीएफ हा राउटरांनी आपसात नकाशा वाटून घेण्याचा नियम. त्याचा आजही पायाभूत असलेला दस्तऐवज आरएफसी २३२८, एप्रिल १९९८ चा. एरवी शेजाऱ्याकडून आलेल्या नमस्काराच्या पॅकेटातला मास्क आपल्या मास्कशी जुळतो का हे त्यात पाहिले जाते. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर ती तपासणी सोडून द्यावी असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. लिंकच्या पत्त्यांची जाहिरात करायला दोन पर्याय दिले आहेत: फक्त पीअरचा एक पत्ता सांगायचा, किंवा लिंकला गट दिलेला असेल तर सबंध गट.

असा गट देण्यात पत्ते किती खर्ची पडतात, हा वेगळाच जमाखर्च आहे. पूर्वापार रिवाज /३० चा, म्हणजे चार पत्त्यांचा. त्यातला पहिला गटाच्या नावाचा, शेवटचा सर्वांना हाक मारण्याचा, आणि उरलेले दोन कामाचे. दोनच टोके असलेल्या तारेवर ‘सर्वांना हाक’ म्हणजे नुसता डामडौल. डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ ने /३१ ला मान्यता दिली: गटात पत्ते दोन आणि दोन्ही वापरायचे. २५६ पत्त्यांत जिथे ६४ लिंक बसत, तिथे १२८ बसू लागल्या. सॉफ्टवेअरला मात्र जुनी सवय मोडावी लागली; शेवटचा पत्ता दिसला की तो हाकेचा समजून नाकारणारे राउटर बरीच वर्षे भेटत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ पद्धतीचे शेवटचे मोठे गट वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो तिथली कोठी तळाला लागली. मग ही काटकसर चैनीची राहिली नाही.

नव्या, म्हणजे आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, पण तिथे उलटीच अडचण निघाली. लिंकला नेहमीचा /६४ गट दिला आणि त्यातल्या कोणाचाच नसलेल्या पत्त्यावर पॅकेट आले, की एक टोक म्हणते ‘माझे नाही, पलीकडचे असेल’ आणि दुसरेही तेच म्हणते. पॅकेटचे आयुष्य संपेपर्यंत ते दोघांत टोलवले जाते. कोणी मुद्दाम अशी पॅकेटे पाठवली तर लिंक भरून जाते. एप्रिल २०११ च्या आरएफसी ६१६४ ने राउटरांमधल्या लिंकवर दोनच पत्त्यांचा /१२७ गट वापरण्याची शिफारस केली, त्याचे एक कारण हेच.

काटकसरीची परमावधी म्हणजे लिंकला पत्ताच न देणे. राउटर आपला दुसरा एखादा पत्ता उसना घेऊन सगळ्या लिंकवर वापरतो आणि ओएसपीएफ अशा लिंक इंटरफेसच्या क्रमांकाने ओळखते. पत्ते वाचतात, पण दुरुस्तीला निघालेल्या माणसाची पंचाईत होते. समजा देवरूखच्या राउटरला महामार्गावरच्या संगमेश्वरकडून एक फायबर आली आहे आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरच्या साखरप्याकडून दुसरी, आणि दोन्हींची पलीकडची टोके एकाच मोठ्या राउटरवर आहेत. पॅकेटच्या वाटेवरचे राउटर दाखवणारे ट्रेसराउट चालवले तर दोन्ही वेळी एकच उसना पत्ता दिसणार. रस्त्याच्या खोदाईत तुटलेली फायबर कोणती आणि पॅकेट सध्या कुठून जात आहेत, हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून मोजक्या आणि महत्त्वाच्या मुख्य लिंकना /३१ चे जोडपत्ते देण्याचा आणि घरगुती सेशनसाठी एक सामाईक पत्ता व समोर एकेक पीअर ठेवण्याचा प्रघात आहे. एकाच जाळ्यात दोन्ही रीती नांदत असल्याने राउटिंग सॉफ्टवेअरला दोन्ही नीट वाचता याव्या लागतात.