एका मासळीवर अख्खं घर

जेवणाच्या टेबलावर दोरीनं टांगलेली एक खारवलेली अँचोव्ही, आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली. घरातल्या प्रत्येकानं आपल्या वाटणीचा पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला तुकडा, तिच्यावर घासायचा आणि खायचा. मासळीला दात लावायचा नाही. ती अजून काही दिवस पुरवायची आहे. आल्बा गावचा लेखक बेप्पे फेनोल्यो यानं १९५४ साली ‘ला मालोरा’ या कादंबरीत हे जेवण दाखवलं. तिचा नायक आगोस्तिनो हा सालगडी. घरच्या दारिद्र्यापायी बापानं त्याला दुसऱ्याच्या शेतावर कामाला ठेवलेलं. ही कथा घडते ती इटलीच्या वायव्येला, पिएमोन्तेतल्या लांगे नावाच्या टेकड्यांत. आज जगभरातून माणसं विमानाची तिकिटं काढून याच टेकड्यांत येतात, आणि तेही जेवायला!

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा असं काही होईल हे तिथे कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं वेड्यात काढलं असतं. तरुण पोरं तोरिनोच्या मोटार कारखान्यांकडे निघाली. त्यांच्याआधी मुली निघाल्या होत्या, कारण शेतकऱ्याशी लग्न करायला कुणी तयार नव्हती. मग कालाब्रियासारख्या दूरच्या दक्षिण भागातून मध्यस्थांमार्फत नवऱ्या आणल्या गेल्या. लेखक नुतो रेव्हेल्ली यानं गावोगाव फिरून या बायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. सहलींच्या माहितीपत्रकांत ते सापडत नाही.

गाव धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी म्हणाव्या लागतील. पहिली हेझलनट. युद्धानंतर कोको मिळेना, म्हणून आल्बाच्या पिएत्रो फेर्रेरो या मिठाईवाल्यानं टेकड्यांवर भरपूर पिकणाऱ्या हेझलनटची भर घालून चॉकलेटची स्वस्त वडी केली. १९६४ साली तिच्यातूनच न्यूटेला आलं. कारखान्याच्या बसगाड्या खेड्याखेड्यांतून कामगार उचलत आणि संध्याकाळी परत सोडत, त्यामुळे नोकरीही झाली आणि शेतीही सुटली नाही. दुसरी गोष्ट सहकाराची. बार्बारेस्कोच्या पाद्र्यानं १९५८ साली १९ छोट्या बागायतदारांना एकत्र आणलं. पहिल्या काही हंगामांची वाइन चक्क चर्चच्या तळघरात तयार झाली!

वाइन मात्र अजून जुन्या वळणाची होती. नेब्बिओलो हे इथलं मानाचं द्राक्ष. त्याची बारोलो वाइन तरुणपणी इतकी तुरट, की वर्षानुवर्षं मोठमोठ्या पिंपांत ठेवावी लागे. १९८० साली तिला सरकारी दर्जाची सर्वोच्च मोहोर मिळाली, पण शेतकऱ्याच्या खिशात त्यातलं फारसं काही येईना. ला मोर्रा गावचा शेतकरी एलियो आल्तारे फ्रान्समधल्या बर्गंडीत जाऊन तिथल्या बागायतदारांची सुबत्ता बघून आला होता. १९८३ साली त्यानं साखळी-करवत घेतली आणि वडिलांची जुनी पिंपं कापून काढली. जागा हवी होती फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपांसाठी. वडिलांनी त्याला वारशातून बाद केलं. जुने विरुद्ध नवे हा वाद पुढे वीसेक वर्षं रंगला. आज बहुतेकांनी मधली वाट धरली आहे आणि मोठी पिंपंही परतली आहेत. थोरल्या आल्तारेंना हे पाहायला मिळायला हवं होतं.

खरा तडाखा १९८६ च्या मार्चमध्ये बसला. लांगेला लागूनच असलेल्या नार्त्सोलेतून निघालेल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलेलं होतं. वीसहून अधिक माणसं दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या वाचलेल्यांना ही रीत नवी वाटणार नाही. इटालियन वाइनची निर्यात कोसळली आणि विष न घालणारेही बदनाम झाले.

त्याच वर्षी, तिथून जवळच्या ब्रा गावच्या कार्लो पेत्रिनी यानं मित्रांना घेऊन ‘आर्चिगोला’ ही खवय्यांची संघटना काढली. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडॉनल्ड्स उघडलं, त्याच्या निषेधातही हीच मंडळी होती. १९८९ साली पॅरिसमध्ये ‘स्लो फूड’चा जाहीरनामा निघाला, चिन्ह गोगलगाय. ब्रात १९९७ पासून चीजचा महोत्सव भरतो, तर शेजारच्या पोलेन्त्सोत २००४ पासून चक्क अन्नशास्त्राचं विद्यापीठ आहे. कुणी कितीही हसो, पण ‘कमी प्या, पण चांगलं प्या, आणि कुठून आलं ते विचारा’ असं सांगायची सवय इथल्या विक्रेत्यांना लागली ती या काळात.

पांढऱ्या ट्रफलची गोष्ट वेगळी. ती मिथेनॉलच्याही आधीपासून जाहिरातीवर वाढली. आल्बाचा हॉटेलवाला जाकोमो मोर्रा दरवर्षी सर्वांत देखणी ट्रफल कुणा बड्या माणसाला भेट पाठवायचा. ट्रूमनला गेली, मर्लिन मन्‍रोलाही गेली. जमिनीखालची ही बुरशी कुत्रे हुंगून काढतात. रोद्दी गावात १८८० पासून कुत्र्यांचं ‘विद्यापीठ’ आहे! शोधणारा शक्यतो रात्री निघतो, शेजाऱ्याला जागा कळू नये म्हणून. हॉटेलात ती कच्चीच, ताजारिन नावाच्या पिवळ्याधमक बारीक शेवयांवर किसून मिळते. बिल ग्रॅमवर. ट्रफलचा मोसम उघडतो तेव्हाच आल्बात गाढवांची शर्यत होते. ती शेजारच्या आस्तीच्या घोड्यांच्या शर्यतीची खिल्ली, कारण ही दोन गावं मध्ययुगापासून एकमेकांना पाण्यात पाहतात.

२०१४ साली युनेस्कोनं लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोचे द्राक्षमळे जागतिक वारसा ठरवले. त्याआधीच, २०१० साली, क्लाव्हेसानात राहायला आलेल्या अमेरिकन मोटार डिझायनर ख्रिस बँगल यानं एक अवाढव्य लाल बाक उभारला होता. त्यावर चढून बसलं की मोठ्या माणसाचे पाय लहान मुलासारखे लोंबकळतात. आता असे बाक कितीतरी टेकड्यांवर आहेत आणि तिथे फोटोंसाठी रांगा लागतात.

जेवणाची सुरुवात आजही बऱ्याचदा अँचोव्हीनंच होते, पार्सली-लसणाच्या हिरव्या सॉसमध्ये बुडवलेल्या. आता एकेकाच्या ताटात चार-पाच.

बारोलोची नामांकित जमीन आज हेक्टरला दहा लाख युरोंच्याही वर विकली जाते. तोडणीला स्थानिक पोरं नाहीत. बाल्कन देशांतून आणि आफ्रिकेतून आलेले मजूर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात पोलिसांनी काही मुकादमांना पकडलं. आरोप मजुरांची पिळवणूक आणि मारहाण केल्याचा. तोडणी सप्टेंबरात सुरू होते. नेब्बिओलो सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुकं उतरू लागलं की.