आडनावांच्या पायवाटा (९) : भांदककर भांदकात का भेटत नाहीत?

भद्रावतीला पहिल्यांदा येणारा पाहुणा रेल्वेत हमखास घोटाळतो. वर्धा-बल्लारशा मार्गावर भद्रावती नावाचं स्टेशनच नाही, स्टेशन आहे ‘भांदक’. एस.टी.च्या पाटीवर भद्रावती, रेल्वेच्या पाटीवर भांदक, आणि गाव एकच. म्हातारी माणसं आजही ‘भांदकले चाललो जी’ असंच म्हणतात. सरकारनं नाव बदललं, तोंडानं बदललं नाही.

गेल्या आठवड्यात हुद्द्यांवरून आलेली आडनावं पाहिली. त्यावर एका वाचकानं फोन करून विचारलं, “आपल्या गावाचं आडनाव कोणी लावते का जी?” लावतात. भांदककर. बोलताना दोन ‘क’ एकमेकांना चिकटतात आणि ‘भांदक्कर’ होतं, जसं नाशिककरचं बोलण्यात नाशिक्कर होतं. लिहितानाही दोन्ही रूपं सापडतात, आणि भांदकचा उच्चार कोणी ‘भांडक’ केला की आणखी दोन रूपं तयार होतात. आडनाव विरळ आहे. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे आहेत. ते राहतात नागपूर-वर्ध्याकडे. खुद्द भद्रावतीत माझ्या ओळखीत एकही नाही.

यात नवल वाटायला नको. सगळं गावच भांदकचं असताना एकट्याला भांदककर म्हणून ओळखणार कसं? हाक मारायला ते निरुपयोगी. पण तोच माणूस कधी पाण्यासाठी, कधी पोटासाठी, कधी भाऊबंदकीला कंटाळून उठून वर्ध्याकडच्या एखाद्या खेड्यात गेला की तिथले लोक विचारणार, “कोन्त्या गावचा जी?” तो सांगणार भांदकचा, आणि संध्याकाळपर्यंत तो भांदककर झालेला असणार. गाव सोडलं की गाव नावाला लागतं. म्हणून या जातीच्या आडनावावरून घराणं कुठं राहतं ते कळत नाही, कुठून उठलं ते कळतं. नागपूरकर भोसले घ्या. नागपुरात ते नुसते भोसले. ‘नागपूरकर’ हे त्यांना पुण्या-साताऱ्याकडून पाहणाऱ्यांनी लावलेलं.

हा खेळ फक्त मराठीचा नाही. जर्मन भाषेत गावाच्या नावाला ‘अर’ जोडून माणसाची ओळख होते: बर्लिनर, न्यूर्नबर्गर, फ्रँकफुर्टर, आणि व्हिएन्नाला जर्मनमध्ये वीन म्हणतात म्हणून तिथला तो वीनर. ही सगळी आडनावंही आहेत आणि तीही गाव सुटल्यावरच लागलेली. याचा सगळ्यात चविष्ट पुरावा मला खाण्यात सापडला. एकाच प्रकारच्या सॉसेजला जर्मनीत ‘वीनर’ म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाचं. आणि खुद्द व्हिएन्नात त्यालाच ‘फ्रँकफुर्टर’ म्हणतात. दोघेही ते दुसऱ्याच्या गावावर ढकलतात. आपल्याकडे मुंबईच्या गाडीवाल्याला ‘नागपुरी संत्री’ ओरडावं लागतं, नागपुरात नुसतं ‘संत्री’ म्हटलं की भागतं.

‘कर’चा दुसरा एक उपयोग आहे, त्यानं गफलत होते. वर्तमानपत्र रोज छापतं, ‘भद्रावतीकर उकाड्याने हैराण’. हा भद्रावतीकर गावात राहणारा. आडनावातला कर गावात न राहणारा. प्रत्यय एकच, अर्थ एकमेकांच्या उलट. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन्ही एकाच ओळीत बसवतात, तिथं मला नेहमी अडखळायला होतं.

आता या गावाचंच घ्या. भद्रावतीचं नाव अलीकडे ज्या आडनावामुळे दिल्लीपर्यंत गेलं, ते धानोरकर. बाळू धानोरकर २०१४ ला वरोऱ्याचे आमदार आणि २०१९ ला चंद्रपूरचे खासदार झाले, २०२३ मध्ये गेले. २०२४ पासून प्रतिभा धानोरकर खासदार आहेत. आडनाव सांगतं, मूळ गाव धानोरा. पण धानोरा नावाची गावं विदर्भात इतकी आहेत की कोणतं ते घरच्याच जाणत्या माणसाला विचारावं. एक तर गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याचं ठिकाण आहे. चांदेकरांचं तसंच. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर, तेव्हा चांदेकर आपले, असं आपण छातीठोक सांगतो. पण चांदा आणि चांदे नावाची गावं महाराष्ट्रभर आहेत. पुण्याकडच्या चांदेकराला चांद्याचा किल्ला दाखवायला घेऊन जाण्याआधी जरा चौकशी करावी. आपल्या तालुक्यात चंदनखेडा आहे आणि विदर्भात चंदनखेडे आहेत. इथं ‘कर’ लागला नाही, नुसत्या ‘ए’वर काम भागलं. वैरागडे, नागपुरे ही त्याच वळणाची.

त्या मानानं भांदककर भाग्यवान. भांदक नावाचं प्रसिद्ध गाव एकच. आडनावात पत्ता इतका नेमका फार थोड्यांना मिळतो.

आणि ते गाव काही साधं नाही. भद्रनागाचं मंदिर, विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी, केशरियाजी पार्श्वनाथाचं जैन मंदिर, हे सगळं एका फेरीत पायी पाहून होतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा ताम्रपट इथलाच. अभ्यासक त्याला भांदकचा ताम्रपट म्हणतात. तो वाचून छापला विष्णु सीताराम सुकथनकरांनी. हेच सुकथनकर पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. भांदक आणि भांडारकर असे एकदा एका माणसाच्या टेबलावर येऊन गेले आहेत.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. ओळखीतल्या एका भांदककरांच्या पासबुकावर एका बँकेनं ‘भांडारकर’ छापून दिलं. इंग्रजीत दोन्ही आडनावं लिहून पाहा, दहा-दहा अक्षरं, फरक एकाच अक्षराचा. पहिल्या ‘के’च्या जागी ‘आर’ टाकला की भांदकचा माणूस थेट भांडारात जाऊन बसतो. खिडकीमागच्या मुलीला वाटलं, अर्जदाराचंच स्पेलिंग चुकलं, तिनं भल्या मनानं सुधारून दिलं. गृहस्थांना पुढं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की मी भांडारकर नाही. भांडारकर या आडनावाचा गावाशी संबंधच नाही, ते भांडारावरून, म्हणजे कोठारा-खजिन्याच्या कामावरून आलं. पण ते नाव पुस्तकांतून, रस्त्यांच्या पाट्यांवरून सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेलं आहे. विरळ आडनावाचा हा जुनाच ताप आहे. शेजारचं मोठं आडनाव त्याला गिळू पाहतं.

मग भांदककर आहेत तरी किती? आपल्याकडे हे मोजणं अवघड आहे. जनगणना घरोघरी जाते, पण कोणत्या आडनावाची किती माणसं, हे ती छापत नाही. जर्मनीत हे काम झालं आहे. तिथल्या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ सालची घरगुती टेलिफोनची यादी घेतली, आणि त्यावरून कोणतं आडनाव कोणत्या जिल्ह्यात किती, याचे नकाशे केले. निरनिराळी आडनावं निघाली साडेआठ लाखांच्या आसपास. म्युलर, श्मिट ही पहिल्या रांगेत, आणि शेवटी लांबच लांब शेपूट, ज्यात एकेका आडनावाची दोन-चारच घरं. गावावरून आलेल्या आडनावांचे नकाशे पाहण्यासारखे असतात. गाव स्वतः रिकामं, आणि त्याच्याभोवती थोड्या अंतरावर ठिपक्यांची गर्दी. दगड पाण्यात पडला की मधे काही नसतं, लाटा कडेला असतात, तसं.

एक गोष्ट मात्र तिथं आपल्यापेक्षा आधी घडली. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि त्या दिवशी कारकुनानं जे स्पेलिंग लिहिलं ते कायमचं झालं. मायर हे एकच आडनाव तिथं चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं आणि त्यातलं प्रत्येक आज कायद्यानं वेगळं आहे. आपल्याकडे हा दिवस असा एका तारखेला आलाच नाही. आमच्या घरी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, एक नक्कल आहे, जातपडताळणीसाठी काढलेली. पणज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, गाव. आडनावाला रकानाच नाही! विदर्भात हजारो घरांत अशी नक्कल असेल. आडनाव आलं ते बहुतेकांच्या बाबतीत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, गुरुजींनी विचारलं तेव्हा. त्या सकाळी बापानं काय सांगितलं आणि गुरुजींनी काय ऐकलं, त्यावर पुढच्या पिढ्या चालल्या. एका भावाचा मुलगा एका शाळेत गेला, दुसऱ्याचा दुसऱ्या, म्हणून सख्ख्या चुलत भावांची आडनावं वेगळी, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता उलटं टोक. भद्रावती तालुक्यातून पूर्वेकडे जंगलाच्या अंगाला निघा आणि घरांवरची नावं वाचत जा. मडावी, आत्राम, कुमरे, गेडाम, सिडाम, नैताम, मडावी, पुन्हा मडावी. आडनावं मोजकी आणि प्रत्येकाची माणसं भरपूर. कारण गोंडांचं आडनाव गावाचं नाही, कुळाचं आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सगांमध्ये कुळं वाटलेली, आणि एका सगात लग्न नाही. त्यामुळे गाव बदललं तरी आडनाव बदलायचा प्रश्नच येत नाही. बदललं तर सोयरीक कशी जुळवायची? भांदककर हे आडनाव एका स्थलांतराची खूण, आत्राम हे स्थलांतराला न जुमानणारं आडनाव. अहेरीचे धर्मरावबाबा आत्राम आणि सीमेपलीकडच्या आसिफाबादचे आमदार राहिलेले आत्राम सक्कू, मधे राज्याची हद्द, भाषा वेगळी, तरी आडनाव तेच. फक्त तेलुगू वळणानं इंग्रजीत लिहिताना तिकडे एक ‘एच’ वाढतो.

त्याच आसिफाबादच्या डोंगरात मारलवाई नावाचं गोंड गाव आहे. या लेखमालेत जर्मन आडनावाचं घोडं मी उगाच नाचवलेलं नाही, ते या गावासाठी. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडोर्फ हे १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ते भारतात होते आणि हातात पासपोर्ट जर्मन, म्हणजे इंग्रजांच्या लेखी शत्रू. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी झाली. त्या अडकण्यातून आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास उभा राहिला. मारलवाईत ते आणि पत्नी बेट्टी गोंडांसारख्याच घरात राहिले, १९४३ मध्ये तिथं गोंडी शिक्षणाचं केंद्र सुरू झालं, आणि १९४८ साली राजगोंडांवरचं पुस्तक आलं. कोणत्या कुळाचे किती देव, याचा तपशील त्यात जेवढा आहे तेवढा फार थोड्या ठिकाणी मिळेल.

दुसऱ्यांच्या आडनावांचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं आडनाव मोठं गमतीचं. ‘डोर्फ’ म्हणजे खेडं. हायमेनडोर्फ हे न्यूर्नबर्गजवळचं खरंखुरं खेडं, आणि फ्युरर हे न्यूर्नबर्गचं जुनं मातबर घराणं, ज्याच्या ताब्यात ते खेडं आलं. ‘फॉन’ म्हणजे ‘अमक्या गावचा’. आपला ‘कर’च, पण जर्मन लोक तो पुढे लावतात. म्हणजे हे झाले हायमेनडोर्फकर फ्युरर! फ्युरर वाचून दचकू नका. हिटलरच्या पदवीत एक ‘एच’ जास्त आहे, देवनागरीत तो दिसत नाही एवढंच. १९३९ साली हैदराबादच्या पोलीस कचेरीत ही फोड करून सांगायची वेळ आली असेल तर ती ऐकायला मला आवडलं असतं. दुसरी गंमत, ऑस्ट्रियानं १९१९ मध्येच सरदारकी मोडीत काढून नावातला ‘फॉन’ कायद्यानं काढून टाकला होता. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मात्र तो शेवटपर्यंत राहिला.

जोड आडनाव, त्यात एका छोट्या खेड्याचं नाव, आणि घराणं एकच. विरळपणाची सगळी लक्षणं आहेत. जर्मनीतही ते ऐकून लोकांना दोनदा विचारावं लागेल. मारलवाईत मात्र ते सगळ्यांना पाठ. बेट्टीबाई १९८७ मध्ये गेल्या, त्यांची समाधी मारलवाईतच आहे. हायमेनडोर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले, पण दरवर्षी जानेवारीत गावकरी दोघांचीही आठवण करायला त्या समाधीपाशी जमतात.

पुन्हा आपल्या गावात येऊ. चांदा आयुध निर्माणी आणि वेकोलिच्या खाणींमुळे भद्रावतीत देशभरची आडनावं आली आहेत. वसाहतीतल्या एका गल्लीत दारांवरच्या पाट्या वाचल्या तर अर्धा भारत होतो. त्यातला एखादा निवृत्त होऊन आपल्या गावी परत गेला, आणि तिकडं त्याला कोणी ‘भद्रावतीवाला’ म्हणायला लागलं, तर नव्या आडनावाची सुरुवात अशीच होते. पण आधार कार्डाच्या काळात ते कागदावर चढणार नाही.

भांदककर मोजायचा एक उपाय आपल्या हातात आहे. मतदार यादी सर्वांना पाहायला खुली असते, मराठीत असते आणि तिच्यात आडनाव आधी येतं. एका पानावर तीस चौकोन, बोट फिरवत गेलं की पाच मिनिटांत पान संपतं. वरोरा मतदारसंघाच्या, म्हणजे ७५ क्रमांकाच्या, यादीतले भद्रावती शहराचे भाग मी वाचायला घेतले आहेत. लग्नानंतर बायकांची आडनावं बदलतात, तेव्हा माणसं न मोजता घरं मोजतो आहे. नागपूर, वर्धा, हिंगणघाट इथल्या वाचकांनी आपापल्या भागाची यादी पाहावी. भांदककर, भांदक्कर, भांडककर, भांडक्कर, चारही रूपं शोधावीत, भांडारकर सोडून द्यावेत. नावं-पत्ते कळवू नका. फक्त गाव आणि घरांचा आकडा पोस्टकार्डावर पाठवा. आणि कोणा भांदककरांच्या घरी, आपण भांदक कधी आणि कशामुळे सोडलं, याची आठवण शिल्लक असेल, तर तेवढी मात्र सविस्तर लिहा.

पुढच्या आठवड्यात मुनगंटीवार, वडेट्टीवार, गड्डमवार यांच्या शेपटाला लागलेला तेलुगू ‘वार’.