सफ एक, सोयरीक वेगळी

धर्मातली समता तपासायला मशिदीच्या किंवा चर्चच्या दारात उभं राहून फारसं काही हाती लागत नाही. तिथे एका सफेत, म्हणजे रांगेत, सगळेच शहाण्यासारखे वागतात. जुन्या लोकांनी यासाठी वेगळंच माप ठरवून ठेवलंय, रोटीबेटी व्यवहाराचं. ख्रिस्ती आणि इस्लाम हे दोन्ही धर्म माणसामाणसांत भेद नाही असं पहिल्यापासून सांगत आले. रोटीपर्यंत ते बऱ्याच अंशी पोचलेही. गाडी अडली ती बेटीपाशी आणि अधिकाराच्या खुर्चीपाशी.

इ. स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काब्याच्या छतावर चढून अजान द्यायला पैगंबरांनी बिलाल यांना सांगितलं, अशी परंपरा आहे. बिलाल हबशी वंशाचे आणि एकेकाळचे गुलाम. खाली उभ्या असलेल्या मक्केच्या कुरैश सरदारांना ते किती झोंबलं असेल! दोन वर्षांनी, अखेरच्या हजच्या वेळी पैगंबरांनी बजावलं की अरबाला अरबेतरावर वरचढपणा नाही, फरक असलाच तर तो धर्मनिष्ठेचा. पण शंभर वर्षंही झाली नाहीत तोच उमय्या राजवटीचे अधिकारी बिगरमुसलमानांवरचा जिझिया कर इस्लाम स्वीकारलेल्या इराण्यांकडूनही उकळत होते. कारण साधं होतं. सगळेच मुसलमान झाले तर खजिन्यात कर भरणार कोण? आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा दुसरे उमर यांना ही वसुली थांबवण्याचे हुकूम काढावे लागले.

लग्नाच्या बाबतीत तर शास्त्रानेच पेच टाकला. त्याचं नाव कफाअत, म्हणजे वर वधूच्या तोलाचा असणं. हनफी पंथाने सज्ञान मुलीला स्वतःचं लग्न स्वतः ठरवण्याची मुभा दिली. इतर पंथांच्या मानाने ही मोठीच गोष्ट. पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने आवरलं. वर तोलाचा नसेल तर मुलीचा वली, म्हणजे पालक, काजीकडे हरकत घेऊ शकतो. मग तोल कशात मोजायचा? वंशात, वडील-आजोबा मुसलमान होते की नाही यात, संपत्तीत आणि धंद्यातही. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात विणकर, रक्त काढणारा हजाम आणि कातडी कमावणारा यांचे धंदे हलके धरल्याची चर्चा आहे. पुढे अत्तरवाला आणि कापडाचा व्यापारी वरच्या पायरीवर बसले. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांनी हे वाचलं तर त्यांना नवल वाटणार नाही. ज्या इमाम अबू हनिफांच्या नावाने हा पंथ चालतो, ते स्वतः इराणी वंशाचे आणि रेशमी कापडाचे व्यापारी. त्यांच्याच पंथाने अरबेतर वर अरब वधूच्या तोलाचा नाही असं म्हणावं, ही गंमतच. मदिनेचे इमाम मालिक यांनी मात्र वंश आणि धंदा बाजूला ठेवून धर्मनिष्ठेवर भर दिला. मूळ शिकवणुकीला तेच अधिक धरून होतं, असं मला वाटतं. हिंदुस्थानात मात्र बहुतांशी चाललं ते हनफी शास्त्र. इथे जातींची उतरंड तयारच होती, तिला आयता आधार मिळाला.

ख्रिस्ती बाजूला पौलाने गलतीकरांना लिहिलं की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. त्याच पौलाने फिलेमोनला एका पानाचं पत्र लिहून अनेसिम नावाचा त्याचा दास परत पाठवला आणि त्याला भाऊ म्हणून घे, अशी विनवणी केली. दास्यातून मोकळा कर, असं मात्र उघड सांगितलं नाही. पुढे गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक दोघेही आपापल्या बाजूने हेच पत्र दाखवत राहिले.

आपल्या अंगणातली गोष्ट गोव्याची. दिवाडी बेटावर ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या मातेउस दे कास्त्रो यांना पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. हा गडी उठला आणि थेट रोमला गेला. तिथे दीक्षा मिळवून परतला, तर गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचे कागदच मानले नाहीत. पुन्हा रोम. १६३७ मध्ये पोपच्या दरबाराने त्याला थेट बिशप केलं. मग त्याने पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत ठाण मांडलं आणि तिथून गोऱ्या पाद्र्यांच्या नाकी नऊ आणले. १६५३ मध्ये त्याने पोर्तुगिजांविरुद्ध एक खरमरीत लिखाण केलं. त्याचं नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. कातडीच्या रंगावरून झालेला अपमान त्याला आयुष्यभर सलला, पण दाद मागताना तो उभा राहिला ब्राह्मण म्हणून. गावड्या-कुणब्यांतून आलेल्या ख्रिश्चनांची बाजू या भांडणात कुणी मांडली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात स्थानिक पाद्र्यांचा ओरेटरी संघ निघाला, त्यात प्रवेश फक्त बामणांना. चाड्ड्यांनी, म्हणजे क्षत्रिय मानल्या गेलेल्या ख्रिश्चनांनी, मग चिंबलच्या कार्मेलाइट मठाची वाट धरली. गावोगावच्या कोंफ्राद्या, म्हणजे चर्चची बंधुमंडळं, याही जातवार असत. फेस्ताच्या मिरवणुकीत वरच्यांच्या खांद्यावर ओपमुस नावाचा तांबडा झगा, सुदिरांच्या, म्हणजे शूद्रांच्या, खांद्यावर निळा. क्रूस मात्र एकच.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या धर्मांचा शब्द फारच खरा मानला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात या जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. तुमच्या धर्मात जातच नाही, मग सवलत कशाला? मद्रासच्या रस्त्याकडेला बसणारा सूसाई नावाचा चांभार सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकार चांभारांना फुकट टपऱ्या देत होतं. याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. १९८५ मध्ये न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. जातीमुळे होणारी अडवणूक धर्म बदलल्यावरही तितकीच तीव्र राहते, हे आधी दाखवा, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे टपरी हवी असेल तर आपल्याच चर्चविरुद्ध पुरावा गोळा करणं आलं. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या घरात दलितांशी भेदभाव होतो हे दलितांविषयीच्या धोरणात लेखी कबूल केलं, तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं.