अंत्यविधीची सिद्धता आणि एक कागद

घरांत मृत्यु घडला म्हणजे कर्त्या पुरुषाभोंवतीं दहा सल्ले गोळा होतात. कोणी गुरुजींस निरोप धाडतो, कोणी बांबू, मडकें व गोवऱ्या आणावयास निघतो, तर कोणी मुंबईच्या पाहुण्यांसाठीं थांबावें म्हणतो. एकत्र कुटुंबांत हें सारें फारसें न सांगतां पार पडतें. मागें राहतो तो एक कागद.

अहिल्यानगरास (२०२४ पर्यंतचें अहमदनगर, बोलण्यांत अजून नगरच) नालेगांवच्या अमरधामांत दहन होतें. तिकडे निघण्यापूर्वीं मृत्यूचें कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला हातीं असावा. रुग्णालयांत तो तेथेंच मिळतो. मृत्यु घरीं झाला तर शेवटच्या दुखण्यांत औषध देणाऱ्या डॉक्टरांस, मध्यरात्र असली तरी, आधीं बोलवावें; तिरडी मागाहून बांधावी. अपघात किंवा संशय असेल तेथें पोलिसांस कळवावेंच लागतें. अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं घाईचा हट्ट धरूं नये.

१९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें वर्दी २१ दिवसांत द्यावयाची असते, आणि घरच्या मृत्यूची वर्दी कुटुंबप्रमुखानें द्यावयाची. तेराव्यापर्यंत बहुतेक घरें कचेरीकडे वळत नाहींत. मग हातीं आठच दिवस उरतात. वर्ष उलटल्यावर तर दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावांचून नोंद होत नाहीं. शिवाय नोंद होते ती मृत्यु घडला त्या ठिकाणीं, दहन झालें तेथें नव्हे. पारनेरचे गृहस्थ नगरच्या रुग्णालयांत वारले व देह गांवीं नेला, तरी नोंद नगरच्या महानगरपालिकेंतच व्हावयाची. गांवच्या ग्रामपंचायतींत त्यासाठीं खेटे घालणें व्यर्थ.

नांवाचाही घोळ होतो. थोरल्या काकू जन्मभर घरांत 'माई' असतात, आणि रडारडींत वर्दी देणारा पुतण्या तेंच सांगून मोकळा होतो! आधारपत्रावर व बँकेंत असेल तेंच नांव लिहवावें. तसें न झाल्यास त्रास भोगतें मागें राहिलेलें माणूस. पतीचें निवृत्तिवेतन आपल्या नांवें व्हावें म्हणून एखादी वृद्धा सहा सहा महिने कचेरीच्या पायऱ्या चढते.

लाकडाची चिता कीं विद्युत्‌दाहिनी, हा वाद तिरडीपाशीं उभें राहून घालण्याचा नव्हे. २०२१ च्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, याच अमरधामांत एका दिवसांत चाळीसांवर देहांस अग्नि द्यावा लागला. त्या घरांस निवड कोणीं विचारलीच नाहीं. ज्यांना ती आहे, त्यांनीं दुखणाइताची इच्छा तो शुद्धीवर असतांनाच हळुवारपणें विचारून ठेवावी. मुलगा परदेशीं असेल तर देह दोन दिवस ठेवण्यापेक्षां मुलीनें अग्नि द्यावा. त्यांत उणें कांहींच नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अस्थिसंचयानंतर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें नेवासे तालुक्यांत प्रवरासंगमीं, जेथें प्रवरा गोदावरीस मिळते तेथें, अस्थी नेतात. क्रियेस बसणाऱ्यास तेथें जावेंच लागतें. पण घरांतील दुसऱ्या एखाद्या जाणत्या मुलानें अथवा सुनेनें त्याच दिवशीं दाखला घेऊन नोंदणीच्या कचेरींत जाऊन यावें, आणि उताऱ्याच्या पांच-सहा प्रती एकदमच मागून घ्याव्या.